घरातली शाळा सुटते कधी?

परवा भर दुपारी दाराची कडी वाजली. दारात एक बाई उभ्या. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात फाइल. मला वाटलं, मतदार यादीचं काहीतरी काम असेल. तर त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरात शाळेत न जाणारं मूल आहे, असं कळलं."

"कुणी सांगितलं?"

"गल्लीतच कळलं." नाव काही त्यांनी घेतलं नाही. पण मला अंदाज आला. आमच्या गल्लीत कुणाकडे कुठली भाजी शिजतेय तेही लपत नाही, तिथे नऊ वर्षांची मुलगी सकाळी अकरा वाजता अंगणात बसलेली कशी लपेल?

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आल्या होत्या. 'शाळाबाह्य' हा शब्द मी आजवर पेपरात वाचला होता तो वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला आईबापांबरोबर फिरणाऱ्या मुलांबद्दल. आता तो माझ्या लेकीसाठी, माझ्याच ओसरीवर, माझ्यासमोर लिहिला जात होता. आणि धाकट्याला नुकतीच सहा पूर्ण झाली, म्हणजे यादीत एक नाही, दोन नावं. खरं सांगते मैत्रिणींनो, पोटात गोळाच आला.

आम्ही वाईला राहतो. थोरली इथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायची. पहिलीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीत दुखलं नाही. डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. मग एके दिवशी तिनंच सांगितलं की वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागतं. मी शाळेत जाऊन विचारलं, तर मलाच ऐकवलं गेलं, "घरी तुम्ही इंग्लिश बोलत नाही ना, त्याचा हा परिणाम." २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही तिला पाठवलंच नाही. दुसरी शाळा बघू म्हणत होतो. बघता बघता महिना गेला, पोटदुखी थांबली, पोरगी हसायला लागली, आणि मी नवऱ्याला म्हटलं, "मी शिकवू का घरीच?"

त्या वेळी मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करत होते. ते सोडलं. त्याबद्दल पुढे सांगते.

सुरुवातीचे तीन महिने मी जे काही केलं, त्याची आता लाज वाटते. मी भिंतीवर फळा लावला. वेळापत्रक केलं, स्केचपेननं, चौकोन आखून! दहाला प्रार्थना, सव्वादहाला गणित, अकराला इंग्रजी. देवघरातली घंटा तास संपल्यावर वाजायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवाला तरी कळेल का, नैवेद्य आलाय की भूगोल संपलाय?" मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या डोक्यात एकच भीती होती. शाळेतल्या मुलांपेक्षा ही मागे पडली, तर सगळं खापर माझ्यावर फुटणार. त्या भीतीनं मी तिच्या मागे लागले. आणि एके दिवशी हातच्याची वजाबाकी चौथ्यांदा चुकली, तेव्हा मी तिला मारलं. जिथे तिला बाकावर उभं करत होते तिथून सोडवून आणलं, आणि घरी आणून मारलं.

ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, शाळेतल्या टीचर निदान दुपारी घरी तरी जायच्या."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. त्या संध्याकाळी फळा उतरवला. घंटा देवघरात परत गेली.

मग शिकवायचं कसं? मला खरंच माहीत नव्हतं. पहिले काही आठवडे मी काहीच केलं नाही. ती माझ्या मागे मागे फिरायची, मी माझी कामं करायचे. भाकरी मोडताना ती म्हणाली, "मला अर्धी, त्याला पाव, मग उरली किती?" मी म्हटलं, तूच सांग. बाजारात चाळीस रुपये किलोची वांगी पाव किलो घेतली आणि पन्नासची नोट दिली, तर परत किती यायला हवेत, हे तिनं भाजीवाल्या मावशींच्या आधी सांगायचं, अशी आमची पैज लागायची. हातच्याची वजाबाकी तिला कळली ती सुट्ट्या पैशांवरून. दहाची नोट मोडल्याशिवाय सात रुपये देता येत नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून दहा आणायचे आणि ते मोडायचे. जी गोष्ट फळ्यावर तीन महिन्यांत गेली नाही, ती बाजारात दोन आठवड्यांत डोक्यात शिरली. ही माझी हुशारी नव्हे. मी फक्त गप्प बसले होते.

मागच्या पावसाळ्यातली गंमत सांगते. कृष्णेला पाणी आलं होतं, आम्ही ते बघायला गणपती घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. धाकट्यानं विचारलं, "देवळाची मागची बाजू अशी टोकदार का?" लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या देवळात जातेय, पण मागची भिंत कशी आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं! घरी आलो. पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या पन्हळीतून जोरात वाहत होतं. थोरलीनं त्यात एक वीट आडवी ठेवली. पाणी तिच्यावर आदळून तुंबलं आणि वीट सरकायला लागली. मग तिनं तीच वीट फिरवून तिचा कोपरा धारेकडे केला. पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेलं. वीट जागच्या जागी. दोघं ओरडायलाच लागली. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय ती पुराचं पाणी फाकावं म्हणून, हे मला त्या दिवशी माझ्या मुलांनी शिकवलं.

पुढच्या रविवारी मेणवलीला गेलो. तिथल्या घाटावरची ती मोठी घंटा, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक. ती घंटा १७०७ सालची आणि वसई घेतली १७३९ साली. म्हणजे घंटा आली तेव्हा ती किती वर्षांची होती? वजाबाकी करायला कुणी सांगितलीच नाही, तरी झाली. वर थोरलीचा प्रश्न, "मग ती चर्चमधली घंटा देवळात कशी चालते?" यावर घरी येईपर्यंत वाद. सासूबाईसुद्धा त्यात पडल्या.

पण हे वाचून कुणी असं समजू नका, की रोज असंच चालतं. छे! असे दिवस महिन्यातून दोन-तीन. बाकीचे दिवस म्हणजे भांडणं, "कंटाळा आला" आणि "तो माझं खोडरबर देत नाही". एकाला गणित सांगावं तर दुसरा पिठात पाणी ओतून ठेवतो. गॅसवर कुकर, मांडीवर पुस्तक, दारात गॅस सिलिंडरवाला. मी दुपारी जेवायला बसते तेव्हा तीन वाजलेले असतात.

आणि वाचन! थोरली साडेसात वर्षांची झाली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. गोष्टी सांगायला लावा, तासभर सांगेल. अक्षरं पुढे ठेवली की नजर खिडकीबाहेर. नणंद दिवाळीला आली, तिच्या मुलानं पेपरातला मथळा घडाघडा वाचला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री नवरा म्हणाला, "आपण चुकतोय का गं?" मी भांडले त्याच्याशी. पण झोप मलाही लागली नाही. हे पोरीचं वर्ष आहे, माझ्या हट्टापायी वाया गेलं तर ते परत कुठून आणणार?

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आम्ही सातारा स्टँडवर उभ्या होतो. ती एकेक गाडीची पाटी बघत होती. अचानक म्हणाली, "वि... ना... वा... ह... क. आई, विनावाहक म्हणजे काय?" मी तिच्याकडे बघतच राहिले. सोपी बाराखडी सोडून पोरीनं पहिला शब्द वाचला तो हा! आमची गाडी चुकली त्या दिवशी. तिला फलाटावरच्या सगळ्याच पाट्या वाचायच्या होत्या.

घरी शिकवणाऱ्यांची गोष्ट निघाली, की लोक एक उदाहरण हमखास देतात. मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीच्या सुमाराला आईनं तिला शाळेतून काढून घरी शिकवलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं पदकं मिळवली, आणि बारावीचं प्रमाणपत्र नसतानाही २०१६ मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. खरी गोष्ट आहे, मोठी गोष्ट आहे. पण मला ती कुणी पाठवली की मी जरा चिडतेच. अहो, माझी मुलगी 'विनावाहक' वाचते याचाच मला आनंद आहे! घरी शिकवलेलं प्रत्येक मूल चमत्कारच करेल, तरच त्या आईचं बरोबर, नाहीतर ती वेडी, हा कुठला न्याय? शाळेत जाणाऱ्या मुलांना असा हिशेब कुणी विचारत नाही.

मला जास्त जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंच्या आईची गोष्ट. लक्ष्मीबाई डोंगरे. अनंतशास्त्र्यांनी त्यांना संस्कृत शिकवलं, त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि जंगलात जाऊन आश्रम केला. १८५८ साली जन्मलेल्या रमेला शिकवलं ते या लक्ष्मीबाईंनी. पण कधी? घरात विद्यार्थी, पाहुणे, मुलं, सगळ्यांचं करण्यात दिवस जायचा. म्हणून पहाटे, पाखरं जागी व्हायच्या आत, झोपेतल्या लेकीला जवळ घेऊन, उठवून, तोंडी पाठ घ्यायच्या. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्या लेकीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पदवी लेकीला मिळाली ते योग्यच. पण त्या पहाटेचा जागर कुणी मोजला का? त्यांना दुपारी कधी डोळा मिटता आला असेल का, हा प्रश्न मला माझ्या तीन वाजताच्या जेवणाला हटकून आठवतो.

आता पतसंस्थेचं. मला महिना नऊ हजार मिळत होते. फार नव्हेत, पण माझे होते. "शाळेची फी वाचली की!" असं शेजारच्या काकू म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगते, फी वाचली नाही काकू, ती माझ्या पगारातून गेली. घरचं शिक्षण फुकट नसतं. त्याची फी आईच्या दिवसातून कापली जाते, आणि तिची पावती मिळत नाही. वर "तू काय, घरीच असतेस" हे आहेच. गेल्या उन्हाळ्यात दोघीतिघींनी आपापली मुलं आणून सोडली. "तुझं चालूच असतं ना, आमच्यालाही बसव जरा." मी आठ दिवस बसवलं आणि मग स्पष्ट नाही म्हटलं. वाईटपणा घेतला.

नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो चांगला आहे, "मदत" करतो. पण मदत हा शब्दच मला टोचायला लागला. मुलं दोघांची, निर्णय दोघांचा, मग शिकवणं माझं आणि मदत त्याची कशी? त्यावरून आमच्यात मोठं वाजलं. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार मुलं दुपारी दुकानात असतात. धाकटा स्क्रू डझनानं मोजून पुड्या बांधतो. अर्धा इंच, पाऊण इंच, सूत हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि त्या दोन दुपारी मी पतसंस्थेचं थोडं काम घरी आणून करते. हे व्हायला दीड वर्ष लागलं. ज्या घरात हे होणार नसेल, तिथल्या बाईनं हे धाडस करू नये, असं मी उघड सांगते. कुणाला राग आला तरी चालेल.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र माझ्या आईचं बोलणं. तिला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं. आमच्याकडे त्याला 'घरी बसवलं' म्हणतात. ती म्हणाली, "मला घरी बसवलं तेव्हा मी आठ दिवस रडले. सावित्रीबाईंनी शेणगोळे खाल्ले ते पोरींना घराबाहेर काढायला. आणि तू तुझ्या पोरीला आपण होऊन घरी बसवतेस?" मी तिला विटेची गोष्ट सांगितली, घंटेची सांगितली. ती ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "ते सगळं खरं. पण तिच्या मैत्रिणी?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. संध्याकाळी गल्लीत मुलं असतात, खेळतात, मारामाऱ्या करतात, सगळं होतं. पण सकाळी दहा ते पाच गल्ली ओस असते. शाळेची रिक्षा गेली, की थोरली जरा वेळ खिडकीशी उभी राहते. पूर्वी ती रिक्षा दिसली की आत पळायची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला कामाला सुरुवात केली, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. पण त्या अंगणात वस्तीवरची पुष्कळ मुलं एकत्र असायची. माझ्या अंगणात दोनच आहेत, आणि दोघं सख्खी भावंडं.

असो. तर त्या सर्वेक्षणाच्या बाई. मी चहा केला. त्या थोरलीशी बोलत बसल्या. तिनं वाचून दाखवलं, थोडं अडखळत. गुणाकार झाला, भागाकार निम्मा आला. मग तिनं बाईंना देवळाच्या भिंतीचं समजावून सांगितलं, पाटावर बोटानं आकृती काढून. बाई कौतुकानं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "पोर हुशार आहे हो. पण ताई, कायद्यात हे बसत नाही ना."

आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात आहे. न घातलं तर पालकांना काही दंड मात्र सांगितलेला नाही. आणि घरी शिकवण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. म्हणजे आमच्यासारख्यांनी राहायचं ते असं अधांतरी. पण त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट बाईंनी मला सांगितली, आणि ती तुम्हालाही उपयोगी पडेल. शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, आणि वर्ष सुरू झालंय म्हणून नाही म्हणता येत नाही. पुढे वाटलंच, तर मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. म्हणजे दार दोन्हीकडून उघडतं. आधी मला हे कुणी सांगितलं असतं, तर माझ्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

बाई उठताना थोरलीनं त्यांना विचारलं, "तुमच्या शाळेत मराठी बोललं तर चालतं?"

बाई हसल्या. "अगं, चालतं म्हणजे? मराठीच शाळा आहे ती."

"आणि लेझीम?"

"आहे की. ऑगस्टच्या आधी सराव सुरू होतो, पंधरा ऑगस्टसाठी."

रात्री जेवताना ती म्हणाली, "मी जाऊ का त्या शाळेत? बघून येते, आवडली तर." धाकटा म्हणाला, मी नाही जाणार, मी बाबांच्या दुकानात. सासूबाई लगेच देवापुढे साखर ठेवायला उठल्या. नवरा माझ्याकडे बघत होता. माझा घास घशात अडकला होता, आणि तो आनंदानं की दुसऱ्याच कशानं, हे मला अजूनही धड सांगता येणार नाही. पावणेतीन वर्षं हातात घेऊन बसलेली गोष्ट कुणी हळूच काढून घ्यावी, तसं काहीतरी झालं. तरीही मी म्हटलं, "जा की. सोमवारी जाऊन बघू."

बाईंनी फॉर्म ठेवून दिलाय. नाव, वय, पत्ता मी भरलं. 'मूल शाळाबाह्य असण्याचे कारण' असा एक रकाना आहे, त्यात एक ओळ मावेल एवढीच जागा. तीन दिवस झाले, तो फॉर्म डब्याखाली दाबून ठेवलाय. थोरली रोज येऊन वाचते आणि विचारते, "आई, इथे काय लिहिणार?"